अस्वस्थ पाय : शेकडा किती?

रात्री अंथरुणाला पाठ टेकली की काही माणसांच्या पोटऱ्यांत खोलवर एक विलक्षण संवेदना सुरू होते. कोणी तिला मुंग्या म्हणतो, कोणी ओढ. कोणी आत काहीतरी वळवळत असल्याचे सांगतो. पाय हलविल्यावाचून राहवत नाही. उठून चार पावले टाकली की बरे वाटते, आडवे झाले की पुन्हा तेच. टॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६७२ मध्येच या अवस्थेचे वर्णन केले होते. पण ‘अस्वस्थ पाय’ हे नाव आणि स्वतंत्र विकाराचे स्थान तिला लाभले ते स्वीडनमधील मज्जाविकारतज्ज्ञ कार्ल-आक्सेल एकबॉम यांच्या १९४५ च्या प्रबंधामुळे.

हा विकार प्रौढांत कितपत आढळतो, हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. त्याचे निश्चित निदान करणारी रक्ताची वा क्ष-किरणांची कोणतीही तपासणी नाही. सारी भिस्त रोग्याच्या सांगण्यावर. साहजिकच, प्रश्न बदलला की आकडाही बदलतो. अमेरिका व युरोपातील पाच देश यांमधील पंधरा हजारांहून अधिक प्रौढांची एक पाहणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. कितीही क्वचित का होईना, पण ही लक्षणे जाणवणारे लोक तीत शेकडा ७.२ निघाले. आठवड्यातून निदान एकदा त्रास होणारे ५ होते. आणि आठवड्यातून दोनदा वा अधिक वेळा, तोही चांगलाच जाच होणारे अवघे २.७. तिन्ही आकडे खरेच आहेत. औषध विकणाऱ्यास पहिला सोयीचा वाटतो, तक्रार उडवून लावणाऱ्यास शेवटचा. परंतु शंभरांत दोन-तीन माणसांची झोप नियमितपणे मोडत असेल, तर त्या विकारास दुर्मिळ म्हणता येणार नाही.

पेटके, मधुमेहाने दुखावलेले मज्जातंतू, किंवा बसल्या जागी पाय हलविण्याची सवय (जिच्याबद्दल आपल्याकडे मुले हमखास बोलणी खातात) यांचीही गणना चुकून या विकारात होते. म्हणून संवेदना विश्रांतीत सुरू होते काय, हालचालीने शमते काय आणि संध्याकाळी वा रात्री बळावते काय, हे विचारावेच लागते.

आशियात हे प्रमाण बहुधा कमी भरते. बंगळूरमधील नागरिकांच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ते शेकडा २.१ आढळले. अर्थात ‘पाय दुखतात’ एवढेच सांगून गप्प बसणाऱ्यांची नोंद अशा पाहणीत कशी व्हावी?

स्त्रियांत हा विकार पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट आढळतो, आणि गर्भारपणात तो विशेष बळावतो. डायलिसिसवर असलेल्या रोग्यांतही तो पुष्कळ दिसतो. शरीरातील लोहाचा साठा घटणे हे त्याचे एक महत्त्वाचे कारण आहे. रक्तातील हिमोग्लोबिन पुरेसे असूनही हा साठा कमी असू शकतो, म्हणून फेरिटिनची वेगळी तपासणी करावी लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५७ स्त्रियांना रक्तक्षय होता. अशा देशात, झोप येत नाही म्हणणाऱ्या स्त्रीला गोळी लिहून देण्यापूर्वी तिच्या पायांविषयी विचारणे अगत्याचे ठरते. कारण गुंगी आणणारी सर्दी-ॲलर्जीची काही औषधे हाच त्रास वाढवितात.