थकवा मूत्रपिंडातून येतो तेव्हा

मूत्रपिंडे रक्त गाळतात, शिवाय एरिथ्रोपोएटिन (ईपीओ) हे संप्रेरकही तयार करतात. त्याच्या सांगाव्यावर अस्थिमज्जेत तांबड्या पेशी घडतात. मूत्रपिंड खंगले की सांगावा क्षीण होतो, तांबड्या पेशी घटतात आणि थकवा येतो. पहिल्याच जिन्याला लागणारी धाप, अंघोळीनंतर टेकावेसे वाटणे हे वयामुळेच असते असे नाही.

• जीएफआर : गाळण्याचा वेग. ३ महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली असेल तर दीर्घकालीन विकार; १५ च्या खाली मूत्रपिंड निकामी.

• रक्तक्षय : हिमोग्लोबिन पुरुषांत १३, गरोदर नसलेल्या स्त्रियांत १२ ग्रॅम प्रति डेसिलिटरहून कमी.

• आधी लोह : लोहाची स्थिती कळावी म्हणून रक्तातले फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन तपासतात. लोह भरून काढल्याशिवाय ईपीओच्या इंजेक्शनांचा पुरता गुण येत नाही. इंजेक्शने देऊन हिमोग्लोबिन मुद्दाम १३ च्या वर नेत नाहीत. तसे केल्यास पक्षाघाताचा धोका वाढतो. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नये.

• सिकलसेल : छत्तीसगडात महत्त्वाचा मुद्दा. हा आजार रक्तही घटवतो आणि मूत्रपिंडालाही इजा करतो. निदान हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिसने होते. रायपुरात यासाठी स्वतंत्र सिकलसेल संस्था आहे.

• सुपेबेडा : छत्तीसगडातला गरियाबंद जिल्हा, देवभोग तालुका, ओडिशाची सीमा जवळ. मूत्रपिंडविकाराने झालेल्या अनेक मृत्यूंमुळे हे छोटे गाव देशभर माहीत झाले. मोठ्या उपचारांसाठी इथल्या रुग्णांना रायपूर गाठावे लागते.

• डायलिसिस : साधारणतः आठवड्यातून २ ते ३ वेळा, दर खेपेस सुमारे ४ तास. गरिबांना मोफत सेवा देणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१६ पासून.