टेपची पिवळी वायर

गाडीची बॅटरी बदलून आणली की पुष्कळ टेपवरची स्टेशनं पुसलेली असतात आणि घड्याळ पुन्हा बारापासून सुरू होतं. बिघाड काहीच नसतो. बॅटरी काढली तेवढा वेळ टेपची पिवळी वायर उपाशी होती, इतकंच.

बाजारातल्या बहुतेक टेपना वीज दोन वायरींनी येते. पिवळी फ्यूजमधून थेट बॅटरीला जोडलेली. चावी असो वा नसो, ती जागीच. लाल वायरीत मात्र चावी 'अ‍ॅक्सेसरी'वर फिरवल्यावरच वीज येते. गंमत अशी, की गाणं वाजवणारा मोठा करंट पिवळीतूनच ओढला जातो. लाल फक्त मालक आल्याची वर्दी देते. चावी काढल्यावर पिवळीचं काम उरतं स्मरण राखण्याचं, त्याला काही मिलीअँपिअर पुरतात. दोघींची अदलाबदल झाली, तर दर वेळी चावी काढताच स्टेशनं गायब! फोक्सवॅगनच्या काही जुन्या गाड्यांत सॉकेटमधल्या या पिना मुळातच उलट असतात.

काळी वायर म्हणजे अर्थ, ती गाडीच्या पत्र्याला. स्क्रू रंगावर किंवा गंजावर कसला असेल, तर अ‍ॅक्सिलरेटरबरोबर चढत जाणारी 'कुईं' ऐकू येऊ शकते. ती अल्टरनेटरची. त्याची उलटसुलट वीज डायोड सरळ करतात, पण थोडी लहर उरतेच.

आता खोक्यावरच्या '५० वॅट × ४'कडे वळू. इंजिन चालू असताना टेपला फार तर १४.४ व्होल्ट मिळतात. स्पीकर ४ ओहमचा. १४.४ चा वर्ग भागिले ४, म्हणजे ५१.८. आकडा इथूनच आला! पण त्यासाठी आवाजाची लाट पार चौकोनी व्हावी लागते, म्हणजे नुसता फाटका आवाज. स्वच्छ लाटेला याच्या निम्मे मिळतात. ट्रान्झिस्टरमधली घट धरली तर वीसेक वॅट. मला ही जाहिरात नव्हे, थाप वाटते.

हे वीस वॅटही मिळतात, कारण स्पीकरची दोन्ही टोकं अ‍ॅम्प्लिफायर एकमेकांच्या उलट ढकलतो. त्यामुळे स्पीकरच्या काळ्या रेघेच्या वायरीतही निम्मे व्होल्ट खेळत असतात. तिला 'मायनस' समजून पत्र्याला लावू नका. टेपमधली आयसी जळू शकते.