लॅपटॉप तापतो? आधी त्याचा श्वास मोकळा करा

गेल्या वर्षी सोयाबीन विकून आम्ही थोरल्या मुलीसाठी लॅपटॉप घेतला. गादीवर ठेवून ती रात्री उशिरापर्यंत अभ्यास करी. एप्रिल लागला तसे यंत्र तापू लागले, आतला पंखा घरघरू लागला आणि एके दुपारी परीक्षेचा अर्ज भरता भरताच पडदा काळा झाला. पोरगी रडकुंडीला आली. "बाबा, पैसे पाण्यात गेले हो!"

तालुक्याच्या कारागिराने खालचे झाकण उघडले. आत धूळ आणि कापसाच्या तंतूंचा जाड थर बसला होता. बाकी बिघाड काही नव्हता.

शेतकरी बंधू-भगिनींनो, ट्रॅक्टरच्या रेडिएटरच्या जाळीत भुसा अडकला की इंजिन तापते, हे आपण मळणीत पाहतोच. लॅपटॉपचेही तसेच आहे. काम करताना त्यातला प्रोसेसर तापतो. तांब्याची नळी ती उष्णता बारीक पात्यांच्या जाळीपर्यंत नेते आणि छोटा पंखा ती बाहेर फेकतो. बहुतेक यंत्रांत थंड हवा तळाच्या फटींतून आत येते. गादीवर किंवा उशीवर ठेवले की या फटी बुजतात. प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापला की आपणहून काम मंदावतो. तेवढ्याने भागले नाही तर यंत्र स्वतःच बंद पडते. म्हणजे ते मेलेले नसते, जीव वाचवत असते.

घरच्या घरी काय करावे?

लॅपटॉप लाकडी पाटावर किंवा टेबलावर ठेवा. मागच्या बाजूला दोन सारखे ठोकळे लावून बोटभर उचला. मांडीवर तासन्‌तास ठेवू नका; कातडीवर डाग पडतात. पुष्कळ कंपन्या भोवतालची हवा ३५ अंशांपर्यंतच असावी असे सांगतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२च्या पुढे जातो, म्हणून पत्र्याच्या घरात जड काम सकाळीच उरका.

नको असलेली कामे बंद करा. विंडोजच्या यंत्रात कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की कशाचा भार किती आहे ते दिसते.

महिन्यातून एकदा यंत्र बंद करून, चार्जर काढून, कोरड्या मऊ ब्रशने फटी झाडा. पंक्चरच्या दुकानातील हवा मारू नका. तिच्यात पाण्याचे थेंब असतात आणि पंखा भलत्या वेगाने फिरून मोडतो. ओले फडके किंवा फ्रीज तर मुळीच नको. यंत्र जुने असेल तर प्रोसेसरवरचा लेप वाळलेला असतो. तो कारागिराकडून बदलून घ्यावा.

येथे मात्र थांबा!

तळ फुगला, झाकण नीट बसेना किंवा बोट फिरवायची पट्टी वर आली, तर बॅटरी फुगली असे समजा. चार्जर लावू नका, दाबू नका, टोचू नका. आग लागू शकते. ताबडतोब जाणकाराला दाखवा.

आमच्या पोरीने दुसऱ्या दिवशी अर्ज भरला. मुदतीला एकच दिवस उरला होता. आता देवघरातला जुना पाट तिच्या लॅपटॉपखाली असतो.