वर्गाची मांडणी आणि गुरुजींचा वेळ

रत्नागिरी जिल्ह्यात शाळा उघडतात त्या जूनच्या मध्यास, म्हणजे नेमक्या पाऊस स्थिरावण्याच्या सुमारास. त्या दिवशी वाडीवरच्या प्राथमिक शिक्षकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो अभ्यासक्रमाचा नव्हे, कोणाला कोठे बसवावयाचे याचा. वरवर पाहता हा प्रश्न किरकोळ वाटतो. 'वर्गसजावट' या शब्दाने त्याची बोळवण केली जाते आणि पताका, तोरणे व सुविचारांचा फलक येथे तो संपतो. वस्तुतः तो टंचाईचा प्रश्न आहे. आणि टंचाईत वाटणी कशी करावी, हा तर अर्थशास्त्राचा मूळ विषय.

टंचाई आहे ती शिक्षकाच्या वेळेची. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजार होती. २०११ मध्ये ती १६ लाख १५ हजारांवर आली. मुंबईची वाट धरणारी कुटुंबे वाढली तसे वाड्यांवरील शाळांचे पट घसरले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात. पाच इयत्ता दोघांत वाटल्या की एकाकडे तीन येतात, आणि ४० मिनिटांच्या तासात प्रत्येक इयत्तेच्या वाट्यास जेमतेम १३ मिनिटे. उरलेल्या २७ मिनिटांत मूल काय करते, हे बव्हंशी खोली कशी लावली आहे यावर ठरते.

वर्ग म्हटला की समोर एक फळा, शेजारी खुर्ची आणि तिकडे तोंड करून बसलेल्या रांगा, हेच चित्र डोळ्यांपुढे येते. एक शिक्षक व एक इयत्ता हे त्या चित्रातले गृहीतकृत्य आहे. तीन इयत्तांना तेथे बसविले, की तिसरीचा गुणाकार चालला असता पहिलीची मुले त्याच फळ्याकडे निष्कारण पाहत राहतात. त्यापेक्षा तीन इयत्तांची तोंडे तीन भिंतींकडे असावीत, प्रत्येक भिंतीवर मुलाचा हात पोहोचेल इतका खाली काळा पट्टा रंगविलेला असावा, आणि सर्वांत लहान मुले शिक्षकाच्या जवळ असावीत. याला खर्च म्हणजे रंगाचा एक डबा. उलट, लोखंडी बाके आली की शाळा सुधारली असे गावाला वाटते. पण सात वर्षांच्या मुलाला सरकवता न येणारे बाक खोलीला एकाच मांडणीत कायमचे जखडून टाकते. सतरंजी अधिक लवचीक, हे कोणी फारसे बोलत नाही.

सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या शाळांनी फरशीवर तक्ते रेखून जमीनच पाटी केली. २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमानंतर तो नमुना राज्यभर गेला. रंगारी येऊन गेला की ज्ञानरचनावाद आला, असे समजण्याची घाईही कोठे कोठे झाली. कोकणात तर नक्कल चालणारच नाही. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पावसाच्या मुलखात कागदी तक्ते गणपतीपर्यंत फुगून गळून पडतात, आणि जांभ्याच्या भिंतीला टेकलेल्या कपाटातील पुस्तकांवर बुरशी चढते. कपाट वीतभर पुढे ओढावे, छत्र्या व चपला पडवीतच राहाव्यात, झडीत खिडक्या मिटल्यावर अंधार होऊ नये म्हणून छपरात दोन-चार काचेची कौले बसवावीत, हे सारे कोकणातल्या घरांना ठाऊकच आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीस आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर शिंपले, बिया, पाने अशा भोवतालच्या वस्तूंतूनच शिक्षणसाहित्य उभे केले होते.

साहित्य मात्र मुलांच्या हाती पडले पाहिजे. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेत शाळाशाळांना साहित्यसंच मिळाले आणि त्यांतले कितीतरी कपाटात बंद राहिले. दोष शिक्षकांच्या आळसाला देणे सोपे आहे. पण वस्तू फुटली की डेडस्टॉक रजिस्टरमध्ये जाब द्यावा लागतो, आणि ती न वापरल्याबद्दल कोणी विचारीत नाही. अशा व्यवस्थेत कुलूप लावणारा माणूस व्यवहारशून्य नव्हे, हिशेबीच ठरतो. ठराविक रकमेपर्यंतची मोडतोड निर्लेखित करण्याचा अधिकार मुख्याध्यापकास दिला, तर पुष्कळ कपाटे उघडतील.

२०२३ साली शासनाने २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचा विचार पुढे आणला. पठारावरच्या शहरी नजरेला तो तर्कशुद्ध दिसतो. परंतु येथे दोन वाड्यांमध्ये पऱ्हा असतो आणि श्रावणात तो दुथडी भरून वाहतो. सहा वर्षांच्या मुलाला तेथून कोण नेणार? तेव्हा ज्या शाळा वाडीतच राहणार, त्यांच्या खोल्यांचा आराखडा एप्रिलमध्येच, भिंती कोरड्या असताना, शिक्षक व पालक यांनी मिळून आखावयास हवा. जूनमध्ये रंग वाळत नाही.