काळ्या वाळूतून आलेला पांढरा

खिडकीला आतून लाकडी झडपा बसवायचं ठरतं, सुतार मापं घेऊन जातो आणि घरात शेड कार्ड फिरू लागतं. पांढरा, मलईचा, फिकट राखाडी, अक्रोडी पॉलिश, हल्ली अनेकांना आवडणारा गडद करडा. सोफ्याला काय शोभेल, पडद्याशी काय जुळेल यावर चर्चा रंगते. पण या झडपेची रोजची गाठ पडते ती उन्हाशी, आणि त्याचा विचार सहसा कुणी करत नाही.

रंग आणि ऊन यांचं नातं बेंजामिन फ्रँकलिनने फार देखण्या रीतीने तपासलं होतं. लंडनमधल्या घरमालकिणीची मुलगी मेरी स्टीव्हन्सन हिला 1761 साली लिहिलेल्या पत्रात त्याने हा प्रयोग सांगितला आहे. शिंप्याकडच्या नमुन्यांतले वेगवेगळ्या रंगांच्या लोकरी कापडाचे चौकोनी तुकडे त्याने स्वच्छ उन्हाच्या सकाळी बर्फावर मांडले. काही तासांत काळा तुकडा सगळ्यांत खोल गेला, गडद निळा जवळजवळ तितकाच, फिकट रंगांचे तुकडे त्याहून कमी. पांढरा मात्र बर्फात रुतलाच नाही. थर्मामीटरची गरजच पडली नाही, मोजमाप बर्फानेच केलं! उन्हाळ्यातली टोपी पांढरी असावी, हेही त्याने त्याच पत्रात सुचवलं.

झडपेच्या बाबतीत मध्ये काच येते आणि गणित बदलतं. सूर्यप्रकाश काचेतून सहज आत येतो. झडप पांढरी असेल तर त्यातला बराचसा प्रकाश ती तशीच काचेतून बाहेर परतवते. गडद झडप तो शोषून तापते, खोलीतली हवा तापवते आणि दीर्घ तरंगलांबीचे अवरक्त किरण सोडू लागते. हे किरण काच थेट बाहेर जाऊ देत नाही. गडद झडप खिडकीच्या बाहेर असती तर ती उष्णता बरीचशी वाऱ्यावर गेली असती. म्हणूनच बाहेरच्या झडपेपेक्षा आतल्या झडपेच्या रंगाला जास्त महत्त्व आहे. चांगला पांढरा रंग दृश्य प्रकाशापैकी 80 ते 90 टक्के परतवतो, काळा जेमतेम 5 टक्के.

इथे ‘ऊन परतवणाऱ्या’ रंगांच्या जाहिरातीतल्या दाव्याकडे संशयाने पाहायला हवं. सूर्याच्या ऊर्जेचा जवळपास निम्मा भाग अवरक्त असतो, डोळ्यांना न दिसणारा. लाल रंगाच्या पलीकडे थर्मामीटर ठेवून विल्यम हर्षेलने तो 1800 साली शोधला. अवरक्त किरण परतवणारी गडद रंगद्रव्यंही आता मिळतात. छपरावर किंवा झडपेवर त्यांचा उपयोग आहे, कारण तिथे ऊन पडतं. जिथे ऊन पोहोचतच नाही अशा आतल्या भिंतीला ‘ऊन परतवणारा’ रंग लावण्यात पैसे घालवू नयेत.

आता पांढऱ्याकडे वळू. भिंतीला चुन्याचा हात दिला की ओला असताना तो फिका, विरळ दिसतो आणि वाळताना पांढरा होत जातो. कणांमधल्या पाण्याची जागा हवा घेते, चुना आणि भोवतालचं माध्यम यांच्या अपवर्तनांकांतला फरक वाढतो, प्रकाश जास्त विखुरतो. पांढरेपणा म्हणजे हे विखुरणंच. तैलरंगात मात्र कणांभोवती सुमारे 1.5 अपवर्तनांकाचं तेल असतं. खडूची पूड त्यात जवळपास दिसेनाशी होते. तिथे टायटॅनियम डायऑक्साइडच लागतं. त्याच्या रुटाइल या रूपाचा अपवर्तनांक सुमारे 2.7, म्हणजे हिऱ्याहूनही जास्त! कण मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाएवढे बारीक असले की प्रकाश उत्तम विखुरतो.

हा शुभ्र रंग काळ्या वाळूतून आला. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधले धर्मोपदेशक विल्यम ग्रेगर यांनी 1791 साली मॅनॅकन गावच्या ओढ्यातली, लोहचुंबकाला चिकटणारी काळी वाळू तपासली. तिच्यात लोहाखेरीज एका अनोळखी धातूचं ऑक्साइड असल्याचं त्यांनी ओळखलं. चार वर्षांनी जर्मनीत मार्टिन क्लापरोथ यांना रुटाइलमध्ये तोच धातू स्वतंत्रपणे सापडला. त्यांनी दिलेलं टायटॅनियम हे नाव टिकलं आणि ग्रेगर मागे पडले. त्यांचं नाव शाळेच्या पुस्तकात असायला हवं. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात नॉर्वे आणि अमेरिकेत या रंगद्रव्याचे कारखाने निघाले. शतकानुशतकं रंगाऱ्यांच्या शरीरात भिनणाऱ्या विषारी सफेद्याला, म्हणजे शिशाच्या पांढऱ्याला, अखेर खरा पर्याय मिळाला. ग्रेगर यांच्या वाळूतलं तेच खनिज, इल्मेनाइट, रत्नागिरीजवळ काळबादेवी आणि मिऱ्याच्या किनाऱ्यावरही आहे.

पांढरा ठरला तरी कोणता, हा प्रश्न उरतोच. दिवसा उजळ आकाशासमोर शुभ्र झडपसुद्धा करडी भासते, त्यामुळे शुभ्र की मलईचा यावर फार वेळ घालवू नये. रंग कशात कालवला आहे, हे जास्त महत्त्वाचं. तेलाच्या एनॅमलचा पांढरा अंधारात पिवळा पडतो, आणि झडपा दिवसभर भिंतीतल्या कप्प्यात दुमडलेल्या असल्या तर हे लवकर दिसतं. पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक रंग फारसा पिवळत नाही. चकाकीही बेताचीच हवी, नाहीतर दुपारच्या उन्हात झडपेच्या पट्ट्या डोळ्यांवर येतात.

पॉलिशचं लाकूड मनात भरलंच असेल, तर उत्तरेच्या खिडकीला ते खुशाल लावावं. पश्चिमेच्या खिडकीला सपाट फळ्यांची झडप करावी: काचेकडची बाजू पांढरी, खोलीकडची हवी त्या रंगाची. मात्र शेड कार्डावरच्या बोटभर चौकोनावरून रंग ठरवू नये. रंगाऱ्याकडून हातभर फळी रंगवून घ्यावी आणि त्याच खिडकीत दुपारी चारला आणि रात्री दिव्याखाली धरून पाहावी.