खुडूक कोंबडीचा हिशेब

पोल्ट्रीच्या जमाखर्चात खुडूक कोंबडी म्हणजे निव्वळ तोटा. अंडी बंद, खाणे चालू. म्हणून व्हाइट लेगहॉर्नसारख्या जातींतून पिढ्यान्‌पिढ्या निवड करीत हा खुडूकपणा जवळजवळ घालवला गेला. खेड्यातली म्हातारी मात्र देशी कोंबडी खुडूक कधी होते याचीच वाट पाहते. पाटीत पेंढा, वर दहाबारा अंडी आणि 21 दिवस.

इन्क्युबेटर आणा, म्हणजे या बाईचे काम किती होते ते कळेल. साडेसदतीस अंश सेल्सिअस उष्णता, पाण्याचे भांडे, दिवसातून निदान तीनदा अंडी फिरवणे. शेवटचे तीन दिवस मात्र हात लावायचा नाही. कोंबडी हे सारे पोट आणि चोच यांवर भागवते. शिवाय वीज गेली तरी तिची ऊब जात नाही! बँकेत असताना मी कर्जाचे अनेक अर्ज वाचले. खुडूक कोंबडीला तारणाच्या रकान्यात जागा नव्हती.

यंत्राला नावे ठेवण्याचे कारण नाही. पन्नास अंडी एका कोंबडीखाली मावणार नाहीत. पण पिल्लू बाहेर पडले की यंत्राचे काम संपते. घार, मांजर, गारठा पुढेच असतात. जाणत्या बायका यंत्रातली नुकती फुटलेली पिल्ले रात्रीच्या अंधारात खुडूक कोंबडीच्या पंखाखाली सरकवतात. सकाळी ती बहुधा त्यांना आपलीच समजून उकिरड्यावर घेऊन जाते.