घरावर कोणते छप्पर घालावे?



आमचे गाव अहिल्यानगर जिल्ह्यात पाथर्डी तालुक्यात आहे. २०२४ सालापर्यंत जिल्ह्याचे नाव अहमदनगर होते. आपल्या गावात पुष्कळ घरांवर पत्रे आहेत आणि पत्र्यांवर दगड ठेवलेले आहेत. दगड ठेवला की पत्रा उडत नाही, असे मला वाटायचे. ते खरे नाही, हे आम्हाला २०२५ च्या मे महिन्यात समजले.

त्या दिवशी लई उकडत होते. दुपारी चारच्या सुमारास आभाळ काळे झाले. वारा सुटला आणि वळवाचा पाऊस आला. आई दार लावायला गेली, पण वाऱ्याने दार आत ढकलले. लगेच धाडकन आवाज झाला. मी वर पाहिले तर आभाळ दिसले! आमचे घर दुपाखी आहे. त्याच्या पश्चिमेच्या पाख्याचे आठही पत्रे वाशांसकट उडाले. वरचे दगड घरात पडले. एक मोठा दगड झोळीत पडला. त्या झोळीत माझा धाकटा भाऊ झोपतो. त्या वेळी तो रडत होता, म्हणून आजीने त्याला कडेवर घेतले होते. आमचा एक पत्रा शेजारच्या गोठ्यात पडला आणि त्यांच्या शेळीचा पाय मोडला. बाजरी भिजली. माझे दप्तरही भिजले.

तात्यांनी बाजरीवर ताडपत्री टाकली. मोडके पत्रे मात्र हलवले नाहीत. फोनवर फोटो काढले. दुसऱ्या दिवशी तलाठी आले व पंचनामा करून गेले. नुकसान झाले तर असेच करावे. आधी फोटो, मग पंचनामा, मग आवराआवर.

त्या रात्री आम्ही शेजाऱ्यांच्या ओट्यावर झोपलो. शेळीचा पाय आमच्या पत्र्याने मोडला, तरी त्यांनीच आम्हाला जेवायला दिले. तिथे मोठी माणसे बोलत बसली, की आता वर काय घालायचे? मी सगळे ऐकले. नंतर गुरुजींनाही विचारले. ते असे.

१) पाचटाचे छप्पर : आई व तात्या ऊस तोडायला जातात. मी गावी आजीजवळ राहते. एकदा दिवाळीच्या सुट्टीत मी कारखान्यावर गेले होते. तिथे सगळे कोपीत राहतात. कोपीवर पाचट असते. ते फुकट मिळते व गारही असते. पण त्याला आगीची फार भीती असते, आणि ते लवकर कुजते.

२) धाब्याचे घर : आजीचे माहेरचे घर धाब्याचे होते. लाकडी तुळया, त्यावर किलचन, त्यावर पाला आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. आपल्याकडे पाऊस कमी, म्हणून अशी घरे चालत. उन्हाळ्यात ती गार राहतात. आजी म्हणाली, "धाबं कधी उडत न्हाई." हे बरोबर आहे. पण माती फार जड असते. ३० सप्टेंबर १९९३ ला लातूर जिल्ह्यात किल्लारीला भूकंप झाला. तिथे दगडमातीच्या भिंती ढासळल्या आणि जड माळवदे झोपलेल्या माणसांवर पडली. हजारो माणसे गेली.

३) मंगलोरी कौले : ही कौले भाजलेल्या मातीची असतात. कर्नाटकात मंगळूरला १८६५ साली बासेल मिशनच्या लोकांनी त्यांचा कारखाना काढला, म्हणून ती मंगलोरी. एका कौलाच्या खाचेत दुसरे कौल बसते. घर गार राहते. एक कौल फुटले तर तेवढेच बदलता येते. आपल्या जिल्ह्यात अकोले तालुक्यात डोंगराकडे पाऊस फार पडतो. तिथे उतरते छप्पर लागतेच. पण कौलांना खालून लाकूड पुष्कळ लागते आणि माकडे ती फोडतात.

४) सिमेंटचे पत्रे : ते लोखंडी पत्र्याएवढे तापत नाहीत व गंजत नाहीत. पण गारांनी किंवा माणूस चढल्यावर फुटतात. पुष्कळ सिमेंट पत्र्यांत ॲसबेस्टॉस असते. ते फोडले किंवा कापले की बारीक धूळ उडते. ती छातीत गेली तर मोठेपणी कर्करोगही होतो. म्हणून मुलांनी अशा तुकड्यांशी खेळू नये.

५) लोखंडी पत्रे : यांवर जस्ताचा थर असतो, म्हणून ते लवकर गंजत नाहीत. ते हलके व स्वस्त असतात. पण उन्हात तापतात आणि वाऱ्यात उडतात. एक गंमत सांगते. पत्र्याचा गेजचा आकडा जेवढा मोठा, तेवढा पत्रा पातळ! २४ गेजचा पत्रा २६ गेजपेक्षा जाड असतो. पत्रे घेताना हे विसरू नये.

६) स्लॅब : हा सर्वांत पक्का. पण आमच्या भिंती मातीत बांधलेल्या आहेत. त्यांवर स्लॅब चालत नाही. भिंतींपासून सगळे नवे बांधावे लागले असते. त्यासाठी तात्यांना मुकादमाकडून मोठी उचल घ्यावी लागली असती. ती फेडायला आजीलाही कारखान्यावर जावे लागले असते. मग मलाही जावे लागले असते आणि शाळा बुडाली असती. तात्या म्हणाले, "स्लॅब न्हाई झाला तरी चालंल. पोरीची शाळा न्हाई सुटली पाहिजे."

म्हणून आम्ही पुन्हा पत्रेच घालायचे ठरवले. पण मला भीती वाटली. परत उडाले तर?

गुरुजींनी मला एक प्रयोग करायला सांगितला. तुम्हीही करून पाहा. कागदाची लांब पट्टी ओठाखाली धरा. ती खाली लोंबते. आता तिच्या वरून जोराने फुंका. पट्टी वर उचलते! छपराचे तसेच होते. वारा पत्र्यावरून जोरात जातो तेव्हा पत्रा वर ओढला जातो. दार उघडे असेल तर घरात शिरलेला वारा खालूनही ढकलतो. म्हणजे वारा पत्र्याला नुसता ढकलत नाही, उचलतो. आमचा पत्रा आणि वासे एकत्र उडाले, कारण वासे भिंतीवर नुसते ठेवलेले होते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ कोकणात श्रीवर्धनजवळ आले, तेव्हा तिथेही पुष्कळ घरांचे पत्रे व कौले उडाली. ते वादळ पुढे घाट चढून आपल्या बाजूलाही आले होते.

आमचे मिस्तरी म्हणाले, "पत्र्यात निम्मे पैसे घाला, बांधणीत निम्मे." त्यांनी असे काम केले :

• भिंतीच्या माथ्याचा मातीचा थर काढून तिथे सिमेंटचा पट्टा ओतला. त्यात लोखंडी पट्ट्या पुरल्या आणि त्या पट्ट्यांना पाइप पक्के केले.

• पत्रे पाइपांना वॉशरसह हुकाच्या बोल्टने आवळले. बोल्ट पत्र्याच्या उंचवट्यावर मारले, खोलगट भागात नाही. खोलगट भागातून पाणी वाहते व गळते.

• कडेला आणि कोपऱ्यांत बोल्ट जवळजवळ मारले, कारण वारा आधी तिथेच पत्रा उचलतो.

• आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो. म्हणून पत्रे पूर्वेच्या टोकापासून घालायला सुरुवात केली. म्हणजे जोडाची उघडी कड वाऱ्याकडे येत नाही.

• वळचण तीन हात बाहेर होती, ती एक हात ठेवली.

• सगळे दगड खाली उतरवले.

आठ पत्रे नवे आणले. पूर्वेकडचे आठ जुनेच ठेवले, पण तेही बोल्टने आवळले. वरून चुना मारला. पांढऱ्या रंगामुळे पत्रा थोडा कमी तापतो. गोठ्याचे छप्पर मात्र पैसे नसल्यामुळे राहिले. शेळीच्या औषधाचे पैसे तात्यांनी आधी दिले.

त्या वर्षी मान्सून फार लवकर आला. २६ मे लाच तो मुंबईत पोहोचला. आमचा शेवटचा बोल्ट त्याच्या आदल्या दिवशी बसला. पुढे जूनमध्ये एका रात्री जोराचा वारा आला. आम्ही सगळे जागे होतो. पत्रा नुसता वाजला, हलला नाही. तरी आजीने झोळी त्या जुन्या जागी परत बांधली नाही. ती आता कोपऱ्यात बांधते.

यावरून मी हे शिकले, की छप्पर कशाचेही असो, ते भिंतीला पक्के बांधलेले पाहिजे. दगड छप्पर धरत नाही. छप्पर उडाले की दगडच आपल्यावर पडतो.

मित्रांनो, आज घरी गेल्यावर वर बघा. पत्र्यावर दगड असतील तर आईवडिलांना सांगा. आणि पालकांनो, पाऊस यायच्या आधी बोल्ट आवळून घ्या.

– इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी